पांढऱ्याची तक्रार

राखाडी

लॉन्ड्रीवाल्याने शर्ट उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"साहेब, नीळ टाकणं आम्ही केव्हाच सोडलं. शपथ घेऊ का कोणाची?"

"शपथ नको," गिऱ्हाईक म्हणालं. "शर्ट पांढरा करून दे."

•

चहावाल्या बाईने दूध समोर तापवून दाखवलं. चांगली जाड साय धरली. तक्रार करणाऱ्याने साय पाहिली, चहा संपवला आणि उठता उठता म्हणाला, "तरी पाणी आहेच."

•

कागदाचा गठ्ठा दुकानात परत आला. सोबत तोंडी निरोप: पांढरा मागवला होता. दुकानदाराने दुसरा पाठवला. तोही परत आला.

•

लॅपटॉप इतका हलका होता की खोक्यातून काढणाऱ्याला वाटलं, आतलं काहीतरी कंपनीकडेच राहिलंय. मग सगळ्यांनी तो उचलून पाहिला. कोणी एका हाताने, कोणी दोन बोटांनी, एकाने तर ताटासारखा तळहातावर तोलला. सगळ्यांनी, एक जण सोडून.

•

भर रस्त्यात एक माणूस मान वर करून उभा होता. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, मग काच खाली करून विचारलं, "विमान पडतंय का हो?"

वर काही नव्हतं. नुसतं आकाश.

पांढरा

सकाळी पडदा पुन्हा पिवळा झालेला सापडला.

खोली मुद्दाम राखाडी रंगवलेली, खिडकीला काळे पडदे, एक टेबल, दोन खुर्च्या. बाजारात येणारे लॅपटॉप विकत घेण्याजोगे आहेत की नाहीत, हे सांगणारं एक मासिक या मजल्यावरून निघायचं आणि ही त्याची तपासणीची खोली. टेबलावर तो नवा लॅपटॉप उघडा होता. बंद केला तर वह्यांत वही म्हणून खपावा इतका बारीक. पण लोक त्याच्याबद्दल बोलत होते ते त्याच्या पडद्यामुळे. असा पडदा आजवर पाहिला नाही, असं सगळे म्हणत होते. आणि आज तो जुन्या वर्तमानपत्रासारखा दिसत होता.

"कोणीतरी हात लावतंय," मापारी म्हणाली.

मापारी म्हणजे मोजमाप घेणारी मुलगी. तिच्याकडे वाटीएवढं एक यंत्र होतं. ते पडद्यावर लटकवायचं आणि पडद्यावर एकेक साधा रंग भरून दाखवायचा: राखाडी, पांढरा, लाल, हिरवा, काळा, निळा. यंत्र सांगायचं, पांढरा खरंच पांढरा आहे का. तिने कालही पांढरा बरोबर जागेवर आणून ठेवला होता. परवाही.

संपादकबाईंनी डोकं धरलं. कारण अगदी हेच वाक्य काल त्यांना दुसऱ्या तोंडून ऐकावं लागलं होतं. फक्त रंग वेगळा. गरुडकाका म्हणाले होते, "बाई, कोणीतरी पडदा निळा करतंय. हात लावतंय."

गरुडकाका म्हणजे या मासिकाचे डोळे. वय साठीपलीकडचं, चष्मा नाही, आणि नजर अशी की दोन पडदे शेजारी ठेवले तर कुठला किती घसरलाय ते यंत्राच्या आधी सांगायचे. मासिकाचा 'शंभर नंबरी पडदा' हा शिक्का त्यांच्या होकाराशिवाय कोणाला मिळत नसे. खोलीचा नियमही त्यांचाच: जो बघतो त्याने हात लावायचा नाही, जी हात लावते तिने मत द्यायचं नाही.

आज अंक छापायला जायचा होता. संध्याकाळी कंपनीचा माणूस लॅपटॉप परत न्यायला येणार होता. आणि एकाच पडद्याबद्दल दोन माणसं उलटसुलट तक्रारी करत होती.

बाईंनी ऑफिसातल्या कोणालाच काही विचारलं नाही. त्यांनी नणंदेला फोन लावला.

"वन्सं, मोकळ्या आहात का जरा?"

"मी निवृत्त आहे गं. मोकळी नसून सांगते कुणाला?"

नणंदेचा सगळा जन्म विमा कंपनीत गेला होता. जळालेल्या, बुडालेल्या, चोरीला गेलेल्या मालाचे दावे ती तपासायची. तिच्यासमोर खोटं बोलणं अवघड असे, कारण ती कधी कोणाला खोटं ठरवत नसे. ती फक्त म्हणे, "बरं. आणखी काय काय गेलं?"

जिना चढण्याआधी ती खाली चहाला थांबली, शेजारच्या लॉन्ड्रीत डोकावली. वर आली तेव्हा तिच्या हातात कोणाचा तरी इस्त्रीचा शर्ट होता.

"हा कोणाचा?" बाईंनी विचारलं.

"वरच्या साहेबांचा म्हणाला. मी म्हटलं, मी वरच चाललेय, दे इकडे." तिने शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला. "आता सांग. तुझा कोणावर संशय आहे?"

बाईंनी दार लावून घेतलं.

"मापारीवर. तिच्या बहिणीचा नवरा त्या दुसऱ्या कंपनीत आहे, जिचा लॅपटॉप याच्याशी टक्कर देतोय. आणि हे तिने मला सांगितलेलं नाही."

लाल

"भाऊजी तिथे कँटीन बघतात!" मापारी जवळजवळ ओरडलीच. "पोहोचवायचं काय त्यांना? पडद्याचा पिवळेपणा? वरणात घालायला?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलं तर सांगेन ना. तुमचे भाऊजी काय करतात हो?"

"सुतारकाम."

"मग तुम्ही लाकडाच्या आगीचे दावे तपासायला नको होते."

नणंदेला ती आवडली. पण आवडलेली माणसंही मालाला काडी लावतात, हे तिने पाहिलं होतं.

"यंत्र दाखव बघू. कसं चालतं?"

मापारीने वाटी पडद्यावर लटकवली, एक बटण दाबलं. पडदा पांढरा झाला, मग आकडे आले. "एवढंच. लहान मूलही करेल. म्हणून तर काका म्हणतात, यंत्राला काय कळतंय."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी मत द्यायचं नाही, असा नियम आहे." तिने वाटी पडद्यावरून काढली. "बाई म्हणाल्यात, संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर मी उद्यापासून येऊ नको. यायचं नाही तर नाही. पण मग मला घेणार कोण? आकड्यांत खोट करणारी मापारी, हे नाव माझ्या आधी पोहोचेल सगळीकडे. आधीच्या मापाऱ्याचं तेच झालं."

"त्याचं काय झालं?"

हे बाईंनी सांगितलं, बाहेर, पाण्याच्या पिंपाशी, हळू आवाजात. गेल्या वर्षी एका पडद्यावरून असाच वाद झाला होता. यंत्र म्हणत होतं पांढरा बरोबर आहे. गरुडकाका म्हणाले पिवळट आहे. बाईंनी काकांवर विश्वास ठेवला. यंत्र बिघडलंय हे मापाऱ्याला ओळखता आलं नाही, म्हणून त्याला जावं लागलं. नवी मुलगी आली, तिच्याबरोबर नवं यंत्र आलं.

"आणि जुनं?"

"कपाटात पडलं असेल. का हो, वन्सं?"

"उगीच. कपाटाची किल्ली कुठे असते?"

हिरवा

गरुडकाका खिडकीशी बसले होते. खुर्चीच्या पाठीला पाठ लागलेली नाही असे ताठ. टेबलावर काळा गॉगल.

"ऊन फार झालंय का हल्ली?" नणंदेने गॉगलकडे पाहत विचारलं.

"हल्ली सगळंच फार झालंय."

"पडदा कोण निळा करतंय, काका?"

"मी नाव घेणार नाही. पण खोलीत यंत्र घेऊन कोण जातं ते तुम्हीच बघा." ते पुढे झुकले. "मॅडम, तो पडदा सोन्यासारखा आहे. इतकी वर्षं मी पडदे बघतोय, असा काळा रंग कधी पाहिला नाही. आणि तोच पडदा रोज कोणीतरी बिघडवून ठेवतं, म्हणजे मी नाही म्हणावं. हा डाव आहे."

"तुम्ही स्वतः कधी हात लावलात?"

"नियम माझा आहे," काका म्हणाले.

नणंदेच्या लक्षात आलं, हे उत्तर नव्हतं. तिने तपशील मागितला नाही. तिच्या हातातलं पेन सुटून काकांच्या पायाशी पडलं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं. वाकले मात्र नाहीत.

"झूम!" त्यांनी हाक मारली. "इथे पेन पडलंय बघ मॅडमचं."

मासिकाचा फोटोग्राफर, ज्याला सगळे झूम म्हणत, शेजारच्या खोलीतून आला, पेन उचललं, काकांकडे एक नजर टाकून गेला.

"लॅपटॉप हलका आहे म्हणतात," नणंद म्हणाली.

"असणार. जाहिरातीत तेच तर आहे."

"उचलून पाहिलात?"

"उचलायला झूम आहे."

"बरं. आणि इकडे आणखी काय काय बिघडलंय?"

काकांना हा प्रश्न आवडला असावा. ते मोकळे झाले. खालच्या बाईचं दूध. लॉन्ड्रीवाल्याची नीळ. कागदवाला तर चोर, पांढरा म्हणून काय देईल नेम नाही. भेसळीचे दिवस आहेत. माणसाला वाटतं आपल्याला कळणार नाही.

"पूर्वी नव्हतं का असं?"

"मी मधे सुट्टीवर होतो थोडे दिवस. परत आलो तर सगळ्यांनी एकदम हात धुऊन घेतलेले."

"कुठे गेला होतात?"

"बहिणीकडे."

"बरी आहे का?"

"कोण?"

"बहीण."

"हो, हो," काका म्हणाले. "बरी आहे."

नणंद उठली. दारात तिने मागे वळून पाहिलं. काका टेबलावरचा कोरा कागद उचलून, डावा डोळा बारीक करून त्याच्याकडे बघत होते. चोराकडे बघावं तसं.

काळा

जेवणाच्या वेळी मजला रिकामा झाला. नणंद तपासणीच्या खोलीत जाऊन बसली, पडदे ओढून घेतले आणि मापारीने शिकवल्याप्रमाणे लॅपटॉपवर काळा रंग लावला.

लॅपटॉप नाहीसा झाला. पडदा चालू होता, तरी टेबलावर कुठे पडदा संपतो आणि कुठे अंधार सुरू होतो, ते कळेना. तिला जरा भीतीच वाटली. एखादी गोष्ट डोळ्यांसमोर चालू आहे आणि दिसत नाही.

दार उघडलं.

कोणीतरी आत आलं. दिवा लावला नाही. खुर्ची सरकली, बोटं कीबोर्डवर पडली, आणि पडद्यावर एकदम एक नवरी हसली. हार घातलेली, ओठांवर घामाचा बारीक थेंब, तोही दिसत होता.

"सुंदर आहे," नणंद म्हणाली.

झूम खुर्चीसकट मागे पडता पडता वाचला. "बाप रे! आत्या, जीव जायचा एखाद्याचा!"

"मी आत्या कधी झाले?"

"बाईंची मुलं म्हणतात ना, म्हणून…" त्याने कपाळ पुसलं. "बाईंना सांगू नका. लग्नाचे फोटो काढतो मी रविवारी. फोटो निवडायला इथे येऊन बसतो. हा पडदा आज परत जाणार. मग पुन्हा असं कुठे बघायला मिळणार? हा थेंब बघा. माझ्या घरच्या मशीनवर हा थेंबच नाही."

"आणि रंग? रंगांना हात लावतोस?"

"छे! माझं काम त्यांच्या भरवशावर आहे. एकदा सकाळी मापारी यायच्या आधी बसलो होतो. सगळं वऱ्हाड काविळीचं! नवरा, नवरी, भटजी, सगळे. मी घाबरलो, म्हटलं माझा कॅमेरा गेला. दुपारी तेच फोटो लावले तर ठणठणीत."

"म्हणजे सकाळी मापारी सरळ करते. दुपारपर्यंत ठीक. पुढच्या सकाळी पुन्हा कावीळ."

"हो."

"संध्याकाळी शेवटी या खोलीत कोण असतं?"

झूमची नजर दाराकडे, काकांच्या खिडकीच्या दिशेने गेली.

"पण ते तर हात लावत नाहीत," तो म्हणाला. "नियम आहे."

निळा

नणंदेने सगळ्यांना तपासणीच्या खोलीत बोलावलं. बाई दाराशी, मापारी भिंतीशी, झूम खिडकीच्या कठड्यावर, गरुडकाका त्यांच्या खुर्चीत. टेबलावर लॅपटॉप होता, पडद्यावर पांढरा रंग. त्याच्या शेजारी नणंदेने तीन वस्तू मांडल्या होत्या. लॉन्ड्रीतला शर्ट. खालून आणलेला दुधाचा पेला. कोऱ्या कागदाचा गठ्ठा.

"हे काय, पूजा आहे का?" झूम पुटपुटला. मापारीने त्याला कोपर मारलं.

"आग लागली की एकच वस्तू जळत नाही," नणंद म्हणाली. "मालक एका कपाटाचा दावा करतो. मी विचारायची, आणखी काय गेलं? भिंत काळी झाली का? शेजाऱ्याला वास आला का? इथे सगळे एका पडद्याबद्दल बोलत होते. मी म्हटलं, आणखी काय बिघडलंय? तर शर्टावर नीळ जास्त आहे. लॉन्ड्रीवाला म्हणतो, मी नीळ वापरतच नाही. दुधात पाणी आहे. चहावालीने साय दाखवली. कागद पांढरा नाही. दुकानदाराने बदलून दिला, तोही नाही. आणि पडदा निळा आहे. यंत्र म्हणतं, नाही."

ती थांबली.

"लॉन्ड्रीवाला, चहावाली, कागदवाला आणि मापारी. हे चौघं एकमेकांना ओळखतात का गं?"

"मी उधार चहा पिते, तेवढीच ओळख," मापारी म्हणाली.

"तर चौघांनी मिळून कट केलेला नाही. मग चौघांत सामाईक काय? चौघांची तक्रार करणारा माणूस एक. त्याच्या सगळ्या तक्रारी पांढऱ्या वस्तूंच्या. आणि सगळ्या निळ्या."

गरुडकाकांनी कागदाच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

"हा माणूस पडलेलं पेन उचलायला वाकत नाही. लहान मूल उचलेल असा लॅपटॉप उचलत नाही. कारण कोणीतरी त्याला बजावलंय, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. आणि तो शब्दशः पाळतोय. उन्हात काळा गॉगल लावतो. मधे थोडे दिवस नव्हता." तिचा आवाज मऊ झाला. "काका, कागदाकडे बघा. उजवा डोळा झाका. आता डावा."

काकांनी हात वर नेला. उजवा डोळा झाकला. खाली आणला. डावा झाकला. पुन्हा उजवा. त्यांचा हात तसाच डोळ्यावर राहिला, नमस्कार अर्ध्यावर विसरल्यासारखा.

"दोन वेगळे कागद आहेत," ते म्हणाले.

"कागद एकच आहे. मोतीबिंदू कुठल्या डोळ्याचा काढला?"

"उजव्या."

"बहिणीला माहीत आहे का?"

"मला बहीण नाही," गरुडकाका म्हणाले.

बाई खुर्ची शोधू लागल्या. झूमने दुसरी पुढे केली.

"डॉक्टर म्हणाला होता," काका पडद्याकडे न बघता बोलत होते, "काही दिवस सगळं निळसर दिसेल. इतकी वर्षं पिवळ्या काचेतून बघत होतात, आता काच गेली, सवय होईल. मी म्हटलं, डॉक्टरला रंगातलं काय कळतंय. म्हटलं, मला बनवतोय. ऑपरेशन बिघडलं असेल तर असंच सांगणार ना?"

"आणि संध्याकाळी तुम्ही…" बाईंना वाक्य पुरं करता आलं नाही.

"हो. नियम मीच मोडला. पडदा निळा दिसायचा. वाटलं, ही पोर त्या दुसऱ्या कंपनीसाठी करतेय. लॅपटॉपवर अन्याय होतोय. म्हणून मी सरळ करून जायचो."

"आणि मी सकाळी येऊन सरळ करायचे," मापारी म्हणाली.

"म्हणजे बिघडवत कोणीच नव्हतं?" झूमने विचारलं.

"दोघंही सरळच करत होती," नणंद म्हणाली.

"एक शब्द सांगायचा होतात, काका," बाई म्हणाल्या.

"काय सांगू? गरुडाचा डोळा कापून आणला म्हणून? उद्या तुम्ही म्हणाल, काका, आता घरी बसा, नातवंडांना गोष्टी सांगा. बाई, मला दुसरं काही येत नाही."

मापारी भिंतीपासून निघाली. तिची नोकरी आत्ताच वाचली होती आणि तिच्यावर आळ घेणारा समोरच बसला होता. ती काकांना काही तरी लागेलसं बोलणार, असं झूमला वाटलं. तिने कीबोर्डवर एक कळ दाबली. पडदा निळा झाला, काठापासून काठापर्यंत.

"डावा झाका," ती म्हणाली.

काकांनी झाकला. बराच वेळ बघत राहिले.

"हा असाच असतो?"

"असाच."

"परवा रस्त्यात आकाशाकडे बघत उभा राहिलो," काका म्हणाले. "गाडीवाला ओरडला. मला वाटलं, तेही कोणीतरी बदललंय."

त्यांनी लॅपटॉपकडे हात नेला आणि मागे घेतला.

"याला वजन म्हणत नाहीत, काका," मापारी म्हणाली. "घ्या."

त्यांनी तो उचलला, दोन्ही हातांनी, जपून. मग एका हातावर घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर, त्या निळ्या उजेडात, हसू आल्यासारखं झालं. "आत काही आहे की नाही?"

शिक्का द्यायचं ठरलं. पडद्याचं मत या वेळी मापारीच्या आकड्यांवर जाईल, आणि गरुडकाकांचं नाव दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत मतावर लागणार नाही, असं बाई म्हणाल्या. काकांनी मान हलवली. कंपनीचा माणूस आला, लॅपटॉप पिशवीत घालून घेऊन गेला. झूम पिशवी वळणापलीकडे जाईपर्यंत खिडकीतून बघत होता.

काका मात्र तिथेच बसून होते.

"इतकी वर्षं पिवळ्या काचेतून," ते हळूच म्हणाले. "म्हणजे गेल्या वर्षी तो मापारी…" आणि त्यांची नजर कपाटाकडे गेली.

बाईंनी नणंदेकडे पाहिलं. नणंद टेबलावरचा शर्ट घडी करत होती. स्वच्छ, पांढरा शर्ट.

दुपारी, झूम खोलीत यायच्या आधी, नणंदेने कपाटातलं जुनं यंत्र काढून त्याच पडद्यावर लावलं होतं. दोन्ही यंत्रांचे आकडे एकच आले होते.